पन्नास लाखांचा कायम निधी, नांदूरमध्यमेश्वर आणि व्याजाचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या चार भावंडांनी वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतून ५० लाख रुपये बाजूला काढले आहेत. वडील पाटबंधारे खात्यात होते, नोकरीची बरीच वर्षं निफाडकडे गेली, आणि सुटीच्या दिवशी ते मुलांना नांदूरमध्यमेश्वरला पक्षी दाखवायला न्यायचे. त्यांच्या नावाने एखाद्या राष्ट्रीय उद्यानासाठी असा निधी ठेवायचा आहे की मुद्दल हलणार नाही आणि व्याजावर काम कायम चालू राहील. पैसे कोणाकडे द्यावेत, ते किती पुरतील, धाकटा भाऊ अंबडच्या ज्या कंपनीत आहे तिचा सीएसआर (कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकामावर करायचा खर्च) यात घेता येईल का, आणि अमेरिकेतल्या बहिणीने आपला वाटा कसा पाठवावा, हे विचारलं आहे.

मी नाशकात सार्वजनिक न्यासांचे हिशेब आणि लेखापरीक्षण पाहते. त्यात निसर्गसंवर्धनाच्या संस्था आहेत, जुनी देवस्थानं आहेत, शिष्यवृत्तीचे स्मृतिनिधी आहेत. या सगळ्यांच्या वह्या समोर ठेवून मी उत्तर देते आहे. उत्तर लांब आहे, कारण अशा निधीत घाई केली की ती निस्तरायला पुढची पिढी बसते.

आधी जागेबद्दल. नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यात सहा आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्यात दोन्हींचा दर्जा वेगळा आहे, पण दान देणाऱ्याला हा फरक आडवा येत नाही. आयकर कायद्याने धर्मादाय कामं म्हणून जी मानली आहेत त्यांत २००९ पासून पर्यावरणाचं जतन हे स्वतंत्र काम आहे, आणि त्यात पाणलोट, जंगलं आणि वन्यजीव यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. उद्यान असो, अभयारण्य असो की संवर्धन राखीव क्षेत्र, तिन्हींना ते लागू पडतं.

माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही नांदूरमध्यमेश्वरलाच द्यावं. व्याघ्र प्रकल्पांसाठी २००६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं स्थापन करायला लावली आहेत. पर्यटनाचं उत्पन्न, देणग्या, कंपन्यांचा पैसा तिथे पोचायला एक वाट तयार आहे. वाघ पाहायला लोक लांबून येतात आणि मागे पैसा येतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या आपल्या पाणथळीला ती ओढ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या दगडी बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं आणि देवनळाची रानं तयार झाली, पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखाली महत्त्वाची मानलेली पाणथळ, म्हणून १,४३७ हेक्टर क्षेत्र जाहीर झालं. मान मोठा मिळाला, पण रामसरच्या यादीत नाव गेलं म्हणून दरमहा कोणी पैसे पाठवत नाही. ताडोबात ५० लाख हा मोठ्या हिशेबातला एक आकडा असेल. अभयारण्याच्या काठच्या चापडगावात त्यातून एखादं काम कित्येक वर्षं उभं राहू शकतं. शिवाय तुमच्या वडिलांचं आयुष्य त्याच पाण्याकाठी गेलं.

आता मुख्य मुद्दा. पैसे कोणाकडे ठेवायचे हे नंतर ठरवा. काम कोणतं हे आधी ठरवा. कायम निधीने सातत्य विकत घेता येतं, दुसरं फारसं काही नाही. म्हणून जे काम मध्येच बंद पडलं की मागचं केलेलंही वाया जातं, त्याच कामाला हा निधी लावावा. एकदाच करून संपणाऱ्या कामाला साधी देणगी पुरते. त्याला मुद्दल अडकवून ठेवायची गरज नसते.

दात्यांचा कल नेमका उलटा असतो. निरीक्षण मनोरा, माहिती केंद्र, कमान, गाडी, दुर्बीण यांना देणारे भेटतात, कारण फीत कापता येते आणि नाव लावता येतं. तिपाईवरची मोठी दुर्बीण घ्या. पाण्याकाठच्या दमट हवेत दोन पावसाळे गेले की भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. चित्र आधी दुधाळ होतं, मग कडेने पुसट होत जातं. वेळेवर सर्व्हिसिंग झालं, पावसाळ्यात ती हवाबंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली, तर तीच दुर्बीण कितीतरी वर्षं चालते. त्या सर्व्हिसिंगचा खर्च किमतीच्या मानाने किरकोळ असतो, पण कोणत्याच देणगीत तो धरलेला नसतो. शेवटी देणगीदाराचं नाव लावलेली महागडी वस्तू कपाटात जाते आणि गाईड स्वतःच्या जुन्या दुर्बिणीने पक्षी दाखवतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात पर्सिव्हल बॅक्स्टर नावाचे राज्यपाल होऊन गेले. त्यांनी १९३१ पासून १९६२ पर्यंत स्वतःच्या पैशाने टप्प्याटप्प्याने डोंगर आणि जंगल विकत घेतलं आणि दोन लाख एकरांहून जास्त जमीन राज्याला दिली. ती आज बॅक्स्टर राज्य उद्यान म्हणून ओळखली जाते. मला त्या जमिनीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: देखभालीसाठी त्यांनी सुमारे ७० लाख डॉलरचा निधी मागे ठेवला, म्हणजे उद्यान चालवायला दरवर्षी सरकारच्या अंदाजपत्रकाकडे पाहावं लागू नये. त्याच राज्यातल्या अकॅडिया राष्ट्रीय उद्यानात १९९९ साली पायवाटांसाठी मोठी निधी मोहीम झाली, आणि जमलेल्या रकमेतला एक भाग पायवाटा कायम दुरुस्त ठेवण्यासाठी गुंतवून ठेवला गेला. पायवाट एकदा नीट केली आणि सोडून दिली तर काही पावसांत पुन्हा ओहोळ होते. म्हणून तिथे कायम निधी शोभतो. शेजारच्या भूतानने १९९१ साली अख्ख्या देशाच्या निसर्गरक्षणासाठी असा निधी उभारला. पर्यावरणासाठीचा जगातला पहिला न्यासनिधी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

नांदूरमध्यमेश्वरला असं काम कोणतं? काही कामं मी आधीच बाजूला काढते. पाणवेली काढणं हे यंत्रांचं आणि मोठ्या खर्चाचं काम आहे, ५० लाखांच्या व्याजात ते बसत नाही, आणि वरून नाल्यांचं सांडपाणी येतं तोवर ती परत वाढणारच. पाण्याची पातळी तर पैशाने मिळतच नाही. बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, पाणी कधी सोडायचं हे सिंचनाच्या पाळ्यांवर ठरतं. तुमच्या वडिलांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. वनरक्षकांचे पगार, गस्तीच्या गाड्यांचं डिझेल हेही नको. ते सरकारचं कर्तव्य आहे, आणि खासगी पैसा तिथे गेला की पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून तेवढी रक्कम हळूच कमी होण्याचा धोका असतो. मग निधी असूनही पाणथळीला एक रुपया जास्त मिळालेला नसतो.

माझी शिफारस पक्ष्यांच्या बारमाही मोजणीची आहे, काठच्या गावांतल्या मुलामुलींकडून, वन्यजीव विभागाच्या परवानगीने. हिवाळ्यात हौशी मंडळी येतात, गणना होते. पण मे महिन्यात कडक उन्हात किती चित्रबलाक होते, पहिल्या पुरानंतर जांभळ्या पाणकोंबड्या कुठे सरकल्या, ऑक्टोबरात पहिलं बदक कोणत्या आठवड्यात उतरलं, हे लिहून ठेवायला दर महिन्याला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी कोणीतरी उभं राहावं लागतं. जानेवारीतल्या सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहिलं तर समोर वारकरी पक्ष्यांचा काळा थर पसरलेला असतो, त्यात थापट्या आणि तलवार बदकं मिसळलेली, आणि मध्येच एक दलदली भोवत्या खालून निघून गेला की सगळा थर उचलला जातो. नवखा माणूस तिथे ‘हजारो’ लिहून मोकळा होतो. सरावलेला पोरगा थव्याचा एक तुकडा डोळ्यांनी कापून घेतो, तेवढाच मोजतो, तसे तुकडे किती ते पाहतो, आणि थवा बसला की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. हा हात बसायला काही हंगाम लागतात. मानधन थांबलं की तो पोरगा द्राक्षबागेच्या छाटणीला किंवा सिन्नरच्या कारखान्यात जातो, आणि त्याने शिकलेलं त्याच्यासोबत जातं.

अशा नोंदींची किंमत त्यांच्या सलगपणात असते. वीस वर्षांची न तुटलेली मालिका हातात असेल तर पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाबद्दल जलसंपदा विभागाशी बोलताना, एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत, रामसरच्या अहवालात काहीतरी ठामपणे मांडता येतं. मधली तीन वर्षं गायब असली तर समोरचा पहिला प्रश्न तिथेच विचारतो. कायम निधीसाठी याहून योग्य काम मला दिसत नाही. खर्चही आवाक्यातला आहे: दोन जणांना दरमहा १०,००० प्रमाणे अर्धवेळ मानधन, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार; होडी, पेट्रोल, दुर्बिणींची निगा, छपाई आणि हिशेब तपासणी मिळून साधारण ५५ हजार. तीन लाखांच्या आत. पक्ष्यांकडे ओढा कमी असेल तर येवल्याकडच्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात काळविटांसाठी उन्हाळ्यात पाणवठे भरत राहणं हेही याच जातीचं काम आहे. एक उन्हाळा चुकला तरी चालत नाही.

आता पैशाचं गणित. त्यासाठी आपल्या पांडवलेण्यांत जावं लागेल. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२ चा, अनेक अभ्यासक तो शक संवत धरून इसवी सन १२० च्या सुमाराचा मानतात. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवली आणि ती गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, गुंतवली. एका श्रेणीकडे २,००० दरमहा एक टक्क्याने, दुसरीकडे १,००० दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब करून पाहा: २,००० वर महिन्याला एक टक्का म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. आलेलं व्याज आणि दिलेलं वचन यांत एका नाण्याचाही फरक नाही. पुढे लेखात असंही नोंदवलं आहे की हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि दफ्तरात रीतसर नोंदवलं गेलं. त्याच डोंगरावर आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवलेली रक्कम एका ठिकाणी ठेवली नाही, वेगवेगळ्या श्रेणींत वाटून दिली. त्यात तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी होती.

काम नेमकं, लाभार्थी मोजलेले, रक्कम विभागलेली, नोंद जाहीर. मी आजही न्यासपत्र तपासताना हेच पाहते. या दोन लेखांत एकच गोष्ट नाही: किमती वाढल्या तर काय करायचं. बारा कार्षापणांत वस्त्र येईनासं झालं की त्या भिक्षूचं काय, याचं उत्तर दगडावर कोरलेलं नाही. तुमच्या निधीत ते असलंच पाहिजे.

समजा ५० लाखांवर सरासरी ७ टक्के व्याज मिळतं. वर्षाला साडेतीन लाख. आयकर कायद्याची अट अशी की न्यासाने उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी कामावर खर्च करावेत. उरलेले १५ टक्के विनाअट साठवता येतात. म्हणजे २ लाख ९७ हजार ५०० खर्च आणि ५२,५०० पुन्हा मुद्दलात. पहिल्या वर्षी आपलं पक्षीमोजणीचं अंदाजपत्रक बरोबर बसतं आणि सगळे खूश होतात. पण मुद्दल वर्षाला जेमतेम एक टक्क्याने वाढतं. महागाई ५ टक्के धरली तर वीस वर्षांनी मुद्दल साधारण ६१ लाख ६० हजार झालेलं असेल, खर्चायला ३ लाख ६७ हजार मिळतील, आणि त्यांची किंमत आजच्या हिशेबाने १ लाख ३८ हजार असेल. मानधन निम्म्याहून खाली. मुद्दल शाबूत आहे, वहीत आकडा वाढलेला आहे, आणि काम मात्र एका माणसावर आलेलं आहे. जुन्या स्मृतिनिधींच्या वह्यांत मला हेच दिसतं: एके काळी वर्षभराची फी भरणारी शिष्यवृत्ती आता वह्यांच्या एका संचापुरतीही उरत नाही, तरी ती दरवर्षी नियमाने दिली जाते.

यावर मला तीन मार्ग दिसतात. पहिला, दरवर्षी मुद्दलात भर घालणं. ५ टक्के महागाईशी बरोबरी करायला पहिल्या वर्षी जवळपास दोन लाख घालावे लागतील, म्हणजे चार भावंडांत प्रत्येकी ५० हजारांच्या आसपास, आणि हा आकडाही महागाईसोबत वाढत जाईल. वडिलांच्या स्मृतिदिनी हे करायचं ठरवलंत तर निभेल, पण तुमच्या मुलांनी ते पुढे चालवावं लागेल. त्यांना आताच विचारा.

दुसरा मार्ग, रकमेचा काही भाग वाढ देणाऱ्या गुंतवणुकीत ठेवणं. म्युच्युअल फंडाचे युनिट आयकराच्या नियमांत धर्मादाय न्यासाला चालतात, आणि वाढीच्या पर्यायात युनिट विकेपर्यंत उत्पन्न धरलं जात नसल्याने ८५ टक्क्यांचा पेचही सैल होतो. पण महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायदा १९५० जास्त कडक आहे. त्याच्या कलम ३५ प्रमाणे न्यासाचा पैसा शेड्यूल्ड बँक, टपाल बचत, मान्यताप्राप्त सहकारी बँक, सरकारी रोखे अशाच ठिकाणी ठेवता येतो. त्याबाहेर जायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. बाहेरचे सल्लागार बहुतेक वेळा आयकराचाच नियम सांगतात आणि न्यास कायदा विसरतात. परवानगी न घेता केलेली गुंतवणूक फायद्यात असली तरी विश्वस्त अडचणीत येतात. परवानगीचा अर्ज करायला हरकत नाही, मात्र ती मिळेलच असं धरून अंदाजपत्रक करू नका.

तिसरा मार्ग लोकांना ऐकायला आवडत नाही, पण तुमच्या रकमेला तोच सगळ्यात योग्य आहे असं मला वाटतं. ‘कायम’ हा हट्ट सोडा आणि वीस वर्षांचा निधी करा. त्याच ७ आणि ५ टक्क्यांच्या अंदाजाने ५० लाखांतून पहिल्या वर्षअखेर ३ लाख १८ हजार खर्च करता येतात, दरवर्षी त्यात ५ टक्के वाढ करता येते, आणि विसाव्या वर्षी मुद्दलासकट निधी संपतो. वीस वर्षं दोन माणसांचं मानधन महागाईच्या बरोबरीने वाढत राहतं, एकही महिना चुकत नाही. पहिल्या वर्षांत ८५ टक्क्यांची अटही आपोआप पूर्ण होते. वीस वर्षांची सलग नोंद पाणथळीच्या जास्त कामाची, की साठ वर्षं रडतखडत चालणारी? मधल्या काळात काम उभं राहिलेलं दिसलं की दुसरे दाते येतात. चालू असलेल्या, हिशेब स्वच्छ असलेल्या कामाला पैसे मिळवणं कोऱ्या कागदावर मागण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं. तुम्हाला मुद्दल अभंगच ठेवायचं असेल तर मी अडवणार नाही. मग काम एका माणसाच्या मानधनाइतकं छोटं ठेवा आणि उरलेलं उत्पन्न कायद्यात बसेल तसं साठवत जा. विशिष्ट कारण लिहून दिलं तर ८५ टक्क्यांतलाही भाग पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतो; होडी किंवा दुर्बीण बदलायला ही तरतूद कामाला येते.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवू नका, आणि अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत तर मुळीच नको. आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकलेल्या संस्थांची नावं सांगायची गरज नाही, प्रत्येक घरात एकतरी पावती पडून आहे. बँकेतल्या ठेवीला मिळणारं विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, हेही लक्षात ठेवा. मोठा भाग लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवावा असं मी सुचवते. तीस-चाळीस वर्षांचे रोखे मिळतात, दर मुदतभर बदलत नाही, आणि दर पाच वर्षांनी ठेव मोडून नव्याने दर शोधण्याची विश्वस्तांची कटकट वाचते. वीस वर्षांचा निधी असेल तर वेगवेगळ्या वर्षी परिपक्व होणारे रोखे घेऊन मुद्दल टप्प्याटप्प्याने मोकळं करता येतं.

पैसे कोणाकडे? ५० लाखांसाठी स्वतःचा नवा न्यास काढू नका. नोंदणी, आयकराच्या दोन मान्यता आणि त्यांचं नूतनीकरण, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज, हा सगळा पसारा तीन लाखांच्या खर्चाच्या कामाला झेपत नाही. तुमच्या नंतर विश्वस्त कोण, हा प्रश्न वेगळाच. निसर्गाच्या क्षेत्रात मुरलेल्या चालू संस्थेकडे स्वतंत्र नावाचा निधी म्हणून ठेवा. संस्था निवडताना मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा, आणि त्यात कॉर्पस, म्हणजे कायम निधीचं मुद्दल, वेगळा दाखवून त्याच रकमेची गुंतवणूक समोर दिसते का ते पाहा. कॉर्पस ४० लाख आणि ठेवी १५ लाख असं दिसलं तर मुद्दल चालू खर्चात गेलेलं आहे. चहा प्या आणि निघा.

मग कागद. आयकराच्या दृष्टीने देणगी कॉर्पसची ठरते ती दात्याने तसं लेखी सांगितल्यामुळेच. संस्थेच्या पावतीवर शिक्का असला तरी तुमचं पत्र हवं. साधारण असं लिहा: “सोबतची रक्कम संस्थेच्या कायम निधीचा भाग म्हणून देत आहोत. ती अमुक स्मृतिनिधी या नावाने स्वतंत्र दाखवावी व स्वतंत्र गुंतवावी. तिचं उत्पन्न नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य परिसरातील पक्ष्यांच्या मासिक नोंदी, स्थानिक निरीक्षकांचं मानधन आणि लागणाऱ्या साधनांची निगा यांसाठीच वापरावं.” वीस वर्षांचा मार्ग घेतलात तर मुद्दल कोणत्या वर्षापासून किती वापरायचं हेही इथेच लिहा, मागाहून ते जोडणं कठीण जातं. पुढे दोन वाक्यं जास्त लिहा, बहुतेक लोक ती विसरतात. एक, हे काम करणं अशक्य झालं, परवानगी मिळाली नाही, किंवा पाणथळच राहिली नाही, तर उत्पन्न नाशिक जिल्ह्यातल्या दुसऱ्या पाणथळीसाठी वापरावं. हे लिहिलं नसेल तर उद्देश बदलायला धर्मादाय आयुक्त आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दोन, संस्था बंद पडली तर निधी कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जावा. आणि दरवर्षीचा एक पानाचा हिशेब काठच्या गावाच्या ग्रामसभेत वाचावा, अशी अट घाला. विभागाची परवानगी न्यासाच्या नावाने लेखी घ्या. अधिकारी बदलतात, तोंडी होकार त्यांच्यासोबत जातो.

सीएसआरचं उत्तर छोटं आहे. कंपनीचा पैसा मुद्दलात घेता येणार नाही. २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर खर्च धरली जात नाही. पण प्राणी-वनस्पतींचं रक्षण हे कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, त्यामुळे होडी, दुर्बिणी, निरीक्षकांचं प्रशिक्षण असा चालू खर्च कंपनी करू शकते. हे तुमच्या पथ्यावरच पडतं: वस्तू कंपनीने द्याव्यात, त्यांची निगा तुमच्या निधीने राखावी.

बहिणीकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, ती विदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, आणि त्या रकमेवरचं व्याजही विदेशी देणगीतच मोजावं लागतं. अशा वेळी तिचा वाटा बाकीच्या तिघांच्या मुद्दलात मिसळू नका. आधी तिचा पासपोर्ट विचारा.

करसवलतीबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. ज्याला सगळे ८० जी म्हणतात ती सवलत अशा देणगीवर ५० टक्क्यांची, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर नाहीच. जमिनीच्या विक्रीवर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा लागत असेल तर तो या सवलतीने कमी होत नाही. गावाकडची शेतजमीन असेल तर कदाचित तो लागतच नसेल, ते खरेदीखत पाहून ठरेल. दोन हजारांवर रोख देऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ जुन्या कायद्याच्या जागी येतो आणि त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. म्हणून आयकराच्या बाबतीत मी इथे आकड्यांऐवजी नियम सांगितले आहेत.

पहिलं पाऊल म्हणून सगळी रक्कम एकदम देऊ नका. या हिवाळ्यापासून एक वर्षभर तीन लाख साधी देणगी म्हणून द्या आणि त्यात मोजणी चालवून बघा. बारा महिन्यांच्या नोंदी वेळेवर आल्या का, मानधन दर महिन्याला पोचलं का, वर्षअखेरीचं पान ग्रामसभेत वाचलं गेलं का, हे पाहा. उरलेले ४७ लाख तोवर तुमच्याच नावावर ठेवीत राहू द्या. वर्ष नीट गेलं तर पत्रावर चौघांच्या सह्या करा, आणि पत्राची एक प्रत तुमच्या मुलांपैकी जो किंवा जी नाशकात राहणार आहे त्यांच्याकडे द्या. दरवर्षी संस्थेचा हिशेब मागायला त्यांनाच जायचं आहे.